तेलाचं माप कुणाच्या हातात?

(पिशोर, ता. कन्नड येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जाचं बोलून झालं, विजेचं बोलून झालं, आता मला वेळ दिलाय तो तेलावर बोलायला. विषय ऐकून मागची काही मंडळी चुळबुळ करायला लागलीत, ते मला इथून दिसतंय. पिशोरच्या शिवारात कपाशी आहे, मका आहे, विहिरीला पाणी असेल तिथं आलं आहे. तेलबिया आहेतच कुठे, असं त्यांना वाटत असणार. तर पहिली गोष्ट ही की कपाशी लावणारा प्रत्येक शेतकरी तेलबियाच लावतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते चौतीस-पस्तीस किलो. थोडी घट सोडली तर उरते ती सगळी सरकी, साठ किलोच्या वर. त्या सरकीत सतरा-अठरा टक्के तेल असतं. सोलाई न करता अख्खी सरकी दाबली, तरी बारा टक्क्यांच्या आसपास हाती येतं. म्हणजे क्विंटलमागे सात-साडेसात किलो तेल तुमच्या गाडीतून जातं. तुमच्या काटापट्टीवर ते कुणी कधी लिहून दिलंय?

रुई मात्र मोजली जाते. मुंबईला माटुंग्यात १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा उभी राहिली, ती आजही आहे. धाग्याची लांबी, मजबुती, बारीकपणा, सगळ्याला यंत्र आहे. या राज्यात १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना चालली. त्या काळातही कापसाची प्रत ठरायची ती धाग्यावर. कारण गिरणीला धागा पाहिजे होता आणि गिरणीनं त्याचं माप आधी तयार केलं होतं.

ज्याचं माप आहे त्याचा भाव होतो. डेअरीत दूध घालता तेव्हा फॅट लागतं. एका नळीत दूध आणि गंधकाचं आम्ल घालून फिरवायची ही युक्ती गर्बर नावाच्या स्विस माणसानं १८९० च्या सुमारास काढली. त्यामुळे म्हशीच्या दुधाला म्हशीचा भाव मिळायला लागला. उसाला उतारा बघतात. तो कारखान्याच्या हातात असतो ही वेगळी तक्रार, पण माप आहे. राजस्थानात मोहरीचा भाव निघतो तो ४२ टक्के तेलाच्या हिशोबानं. तेल कमी भरलं तर भाव खाली, जास्त भरलं तर वर. आणि आपल्या मोंढ्यात करडई कशी विकते? अडत्या मूठभर हातात घेतो, एक दाणा दाताखाली फोडतो, "ओल आहे" म्हणतो आणि कडता कापतो. झालं मोजमाप.

आज हा विषय काढायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत गावोगाव लाकडी घाणे आलेत. केंद्राची २०२० पासूनची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आहे. तिच्यात पस्तीस टक्के अनुदान आहे, दहा लाखांपर्यंत. बाकीचं बँकेचं कर्ज. बचत गटांनी, पोरांनी घाणे घेतले. त्यातल्या एका गटाच्या बायकांनी मला विचारलं, "भाऊ, शहरातलं गिऱ्हाईक विचारतं, तुमच्या तेलात अँटिऑक्सिडंट किती? हे काय असतं आणि कुठं मोजून मिळतं?" प्रश्न साधा होता, पण त्याच्यामागे त्यांचं कर्ज होतं. उन्हाळ्यात त्यांचं करडईचं तेल दुकानातून परत आलं होतं. पांढऱ्या काचेच्या बाटल्या, दुकानाच्या दर्शनी फळीवर, दिवसभर ऊन. तेल खवट झालं. करडई चांगली होती, घाणा चांगला होता, बायकांची मेहनत चांगली होती. नुकसान मात्र त्यांच्या पदरात पडलं.

तेल खवट होतं म्हणजे काय होतं? हवेतला प्राणवायू तेलाला खातो. जवसाचं तेल दारावर, गाडीच्या लाकडावर चोळून ठेवलं की काही दिवसांनी त्याचा कडक पापुद्रा होतो. ते तेल नुसतं सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. बाटलीत हेच सावकाश चालतं आणि त्याचा वास येतो. एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. गंजीला लागलेल्या आगीसारखं. ही साखळी तोडणारी काही द्रव्यं बियांनी स्वतःसाठीच तयार केलेली असतात, कारण दाण्यातलं तेल पुढच्या पेरणीपर्यंत शाबूत राहायला हवं. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. मी त्यांना तेलाचे राखणदार म्हणतो. पण हे राखणदार कामी येतात आणि संपतात. एक बिघडलेला कण थांबवला की एक राखणदार खर्ची पडला. सगळे संपेपर्यंत तेलाला वास येत नाही. संपले की आठ दिवसांत डबा नाकाला लावता येत नाही. म्हणून "कालपर्यंत चांगलं होतं" असं आपण म्हणतो.

यातला सगळ्यांत ओळखीचा राखणदार म्हणजे टोकोफेरॉल, म्हणजेच ई जीवनसत्त्व. १९२२ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करताना ते सापडलं. ते मिळालं नाही तर उंदरिणीचा गर्भ टिकत नव्हता, म्हणून ग्रीक भाषेतलं 'मूल जन्माला आणणारं' या अर्थाचं नाव पडलं. त्याचे चार भाऊ आहेत: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. शरीराला ई जीवनसत्त्व म्हणून उपयोगी पडतो तो मुख्यतः अल्फा. तेल राखायच्या कामात गॅमा बहुधा अल्फापेक्षा सरस ठरतो. हा फरक लक्षात ठेवा, सगळी गोम इथे आहे.

आता हिशोब बघा. करडईच्या शंभर ग्रॅम तेलात अल्फा टोकोफेरॉल असतं साधारण चौतीस मिलिग्रॅम. सरकीच्या तेलातही तेवढंच, पस्तीसच्या घरात. शेंगदाण्याच्या तेलात पंधरा-सोळा. आणि तिळाच्या तेलात? एक-दीड मिलिग्रॅम. ई जीवनसत्त्वाच्या मापानं तीळ नापास झाला. पण मायबहिणींनो, तुम्हीच सांगा, जास्त दिवस कोणतं तेल टिकतं? बरोबर, तिळाचं. करडईचं तेल उन्हाळा काढत नाही, तिळाचं काढतं. मग माप खोटं की अनुभव खोटा?

दोन्ही खरं. माप अपुरं आहे. तिळात अल्फा नाही, पण गॅमा भरपूर आहे. शिवाय तिळाचे स्वतःचे राखणदार आहेत, सेसामिन आणि सेसामोलिन. दोन्ही मिळून तेलाच्या अर्धा ते एक टक्का भरतात. सेसामोलिन तर असं आहे की तेल तापलं की ते फुटतं आणि त्यातून सेसामॉल निघतं, ते राखणीला आणखी जोरकस. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी या द्रव्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिळाच्या तेलातलं तळण का टिकतं याचं उत्तर त्यात आहे. दुसरी बाजू करडईची. तिच्या तेलात लिनोलिक नावाचं स्निग्धाम्ल पंचाहत्तर टक्के असतं; तिळात ते चाळीस-पंचेचाळीसच. हवेला लवकर बळी पडतं ते हेच. म्हणजे करडईकडे राखणदार आहेत, पण राखायचं शिवार फार मोठं आणि चारी बाजूंनी उघडं. गमत अशी की रब्बी ज्वारीच्या कडेनं आपण करडईचे तास लावतो ते तिच्या काट्यांनी जनावर आत येऊ नये म्हणून. ज्वारीची राखण करणाऱ्या करडईचं स्वतःचं तेल मात्र उघड्यावर.

आता मोजायचं कसं ते बघू. १९३८ साली एमरी आणि एंगेल या दोन डच रसायनशास्त्रज्ञांनी एक रीत दिली. लोखंडाचा पिवळा क्षार तेलातल्या टोकोफेरॉलशी गाठ पडली की बदलतो, आणि त्यात दुसरं एक रसायन घातलं की लाल रंग येतो. रंग जितका गडद तितकं टोकोफेरॉल जास्त. रीत स्वस्त आहे, पण लोखंडाला बदलवणारं तेलातलं दुसरं काहीही असलं तरी ती तेही टोकोफेरॉल म्हणूनच मोजते. आज मोठ्या प्रयोगशाळेत एचपीएलसी नावाचं यंत्र वापरतात. बारीक भुकटी ठासून भरलेल्या नळीतून विरघळवलेलं तेल दाबानं ढकलायचं. अल्फा आधी बाहेर पडतो, मग बीटा, गॅमा, डेल्टा. कागदावर प्रत्येकाचं वेगळं टोक उमटतं, आणि तुमच्या तेलात कोण किती ते स्वच्छ कळतं. आणखी एक यंत्र आहे रॅन्सीमॅट. ते राखणदार मोजत नाही, राखण मोजतं. तेल ११० अंशांच्या आसपास तापवून त्यातून हवा सोडत राहायची आणि किती तासांनी ते कोलमडतं ते बघायचं. मला विचाराल तर घाणेवाल्याला पहिल्यांदा हा तासांचा आकडा पाहिजे. मिलिग्रॅमचे आकडे नंतर.

नुसत्या राखणदारांच्या आकड्यावर विसंबू नका असं मी का म्हणतो, त्याचं उदाहरण आपल्याच कपाशीत आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. कपाशीच्या पानावर, बोंडावर काळे बारीक ठिपके दिसतात ना, त्या ग्रंथींत ते असतं. किडीपासून झाडाचा बचाव करतं. हेही राखणदारच आहे, तेल खवट होऊ देत नाही. पण ते विषारी आहे. कोंबड्यांना, डुकरांना सरकीची ढेप जपून घालावी लागते ती याच्यामुळे. चीनमध्ये १९७० च्या दशकात त्याची पुरुषांच्या संततिनियमनाची गोळी करून पाहिली होती. म्हणजे एका राखणदाराचं नाव मूल होण्यावरून पडलं आणि दुसऱ्याची गोळी मूल होऊ नये म्हणून! कच्च्या सरकीतेलात एकूण अँटिऑक्सिडंट किती असं मोजलं तर आकडा उत्तम येईल. म्हणून ते तेल तसंच खायचं काय? मुळीच नाही. सरकीचं तेल क्षारानं धुऊन, शुद्ध करूनच खाण्यात यावं. लाकडी घाण्यावर सरकी काढून 'नैसर्गिक' म्हणून विकायचा कुणाचा विचार असेल, तर त्यानं तो आजच सोडावा.

आता शुद्धीकरणाचं. रिफाइंड तेलाच्या शेवटच्या पायरीला वास काढतात. निर्वात टाकीत तेल २२० ते २६० अंशांपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडतात. वासाबरोबर टोकोफेरॉलचाही बराच भाग उडून जातो. उडून कुठे जातो? हवेत नाही. तो थंड करून गोळा करतात, आणि त्या गोळा झालेल्या मालापासून जगभर नैसर्गिक ई जीवनसत्त्व तयार होतं. औषधाच्या दुकानात त्याच्या कॅप्सूल मिळतात. मग त्या तेलाची राखण कोण करणार? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत बघा, पुष्कळदा ३१९ आकडा दिसेल. ते टीबीएचक्यू, कारखान्यात तयार केलेला राखणदार. कायद्यानं किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तो विष आहे असं मी म्हणणार नाही. मर्यादेत आहे तोवर कायदा त्याला परवानगी देतो. मला एवढंच दाखवायचं आहे की शेतकऱ्याच्या दाण्यातला राखणदार दाण्याच्या वजनात फुकट गेला, कारखान्यात तो वेगळा काढून मोजला गेला, आणि मोजला गेल्यावर त्याला वेगळा भाव आला.

मोजमाप सरकारला सुचत नाही असंही नाही. वनस्पती तूप बाजारात आलं आणि साजूक तुपात त्याची भेसळ सुरू झाली. दोन्ही दिसायला सारखी. मग नियम झाला की वनस्पतीत निदान पाच टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. का? कारण तिळाच्या तेलात मिठाचं आम्ल आणि फरफुराल घालून हलवलं की तांबडा रंग येतो. या परीक्षेला बोद्वँची परीक्षा म्हणतात. तूप तांबडं झालं की भेसळ पकडली. आणि तो रंग कशामुळे येतो? मघाशी सांगितलेल्या सेसामोलिन-सेसामॉलमुळेच. तूप खाणारा फसू नये म्हणून तिळाच्या राखणदाराला कायद्यानं साक्षीदार केलं. तीळ पिकवणारा फसू नये म्हणून मात्र त्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही.

सगळ्यांत जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट करडईची आहे. १९५७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटी नोंद आली. भारतातून गेलेल्या करडईच्या एका वाणाचं तेल मोजलं, तर त्याचा आयोडीन अंक इतर करडईपेक्षा पुष्कळ कमी निघाला. आयोडीन अंक म्हणजे तेल हवेला किती उघडं आहे त्याचं माप. म्हणजे या करडईत लिनोलिक थोडं आणि ओलेइक जास्त, बरंचसं ऑलिव्हच्या तेलासारखं. टिकाऊ. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातले पॉल्डन नोल्स यांनी हा गुण उचलला, आणि १९६० च्या दशकात यूसी-१ नावाचा वाण बाहेर आला. पुढे तिकडे जास्त ओलेइकच्या करडईचा वेगळा बाजार उभा राहिला. बी आपल्या देशातलं होतं. कुठल्या तरी कोरडवाहू शिवारात, कुणा शेतकऱ्याच्या कणगीत ते पिढ्यान् पिढ्या होतं. इथे ते मोजलं गेलं नाही.

आपल्याकडे करडईवर काम झालं नाही असं नाही. सोलापूरच्या केंद्रानं १९८२ साली 'भीमा' दिली, परभणीच्या विद्यापीठानं 'शारदा' आणि 'परभणी कुसुम' दिल्या, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचे वाण दिले. वाण चांगले आहेत. तरी एके काळी देशात कित्येक लाख हेक्टरांवर असलेली करडई आज लाखभर हेक्टरांवर टिकवतानाही दमछाक होते आहे. बाहेरचं स्वस्त तेल येतं, देशाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते. त्या तेलाशी करडई वजनानं लढली तर हरणारच. गुणानं लढायची तर गुण मोजलेला पाहिजे, आणि तो माल आपल्या हातात असतानाच.

मग काय करायचं? गावात कुणी एचपीएलसी यंत्र आणा असं मी म्हणत नाही. ते आपलं काम नाही, आणि नुसत्या यंत्रानं भाव येत नाही. ज्यांचे घाणे आहेत त्यांनी तीन-चार गोष्टी धराव्यात. बी घाण्यात जाण्याआधी वाळलेलं, आठ टक्क्यांच्या खाली ओल असलेलं पाहिजे. भिजलेला, फुटका दाणा वेगळा काढा, तेल तिथंच बिघडायला सुरुवात होते. तेल तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवू नका, तांबं आणि गंजकं लोखंड ही खवटपणाला चूड लावतात. आपल्या आज्या पितळेला कल्हई असल्याशिवाय त्यात काही ठेवत नव्हत्या आणि तेल-लोणचं चिनी मातीच्या बरणीत, अंधाऱ्या खोलीत ठेवत होत्या. त्यांना टोकोफेरॉल माहीत नव्हतं, नाक माहीत होतं.

करडई आणि तीळ एकाच घाण्यावर काढत असाल तर करडईच्या तेलावर लांबची तारीख टाकू नका. थोडं थोडं काढा, लवकर विका. आणि लेबलावर 'अँटिऑक्सिडंटयुक्त' असं छापायच्या आधी हातात अहवाल पाहिजे, तोही स्वतःच्या तेलाचा. पुस्तकातला करडईचा आकडा आपल्या बाटलीवर लावता येत नाही. वाण बदलला, जमीन बदलली, पावसानं ताण दिला की आकडा बदलतो.

एक तपासणी मात्र तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते, ती म्हणजे पेरॉक्साइडची. विज्ञान महाविद्यालयातली पोरं आयोडीन आणि हायपोचं टायट्रेशन पहिल्या वर्षाला करतात, हीही त्याच जातीची परीक्षा आहे. कन्नडला, सिल्लोडला अशी महाविद्यालयं आहेत. घाण्याच्या तेलाला आंतरराष्ट्रीय मानकात किलोमागे १५ ची मर्यादा आहे, रिफाइंडला १० ची. यातली एक मेख सांगून ठेवतो. तेल बिघडताना हा आकडा आधी चढतो, आणि फार बिघडलं की पुन्हा उतरतो. म्हणून जुन्या डब्याचा आकडा कमी आला तर हुरळू नका. ताज्या तेलाचा एक, महिन्यानं एक, दोन महिन्यांनी एक, असे ओळीनं आकडे पाहिजेत. आणि सरकीवाल्यांनी, म्हणजे इथल्या बहुतेक सगळ्यांनी, या हंगामात जिनिंगवर एकच प्रश्न विचारावा: माझ्या कापसाची सरकी किती आणि आज ती काय भावानं गेली? उत्तर मिळो न मिळो, ते पट्टीच्या मागे लिहून ठेवा. चार गावांच्या पन्नास पट्ट्या जमल्या की पुढचं बोलता येईल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक घाणेवाल्यानं तेलाच्या दोन बाटल्या आणायच्या आहेत, एक याच महिन्यात काढलेल्या तेलाची, एक उन्हाळ्यापूर्वीच्या. बाटली औषधाची असते तशी तपकिरी काचेची, धुऊन पूर्ण वाळवलेली, काठोकाठ भरलेली. वर चिठ्ठी लावा: कोणतं बी, कोणता वाण, कुणाचं शेत, कोणत्या तारखेला काढलं, कशात ठेवलं. आणि कृपा करून पितळी तांब्यातून आणू नका.